जुन्या जीपचे मागचे पाटे घरी बदलताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्यात वाळपईजवळच्या एका बागायतीत जुनी महिंद्रा एमएम ५४० आहे, फोर-बाय-फोर. काजू, नारळ, शेणखत वाहायच्या कामाची गाडी. मागची उजवी बाजू दोनेक इंच बसली आहे आणि त्या बाजूचा एक पाटा (लीफ स्प्रिंगची एक पट्टी) मोडला आहे. गॅरेजवाला म्हणतो, मोडलेला तेवढा बदलू. मालकाला मात्र दोन्ही बाजूंचे पूर्ण सेट घरच्या अंगणात स्वतः बदलायचे आहेत, आणि त्याच वेळी गाडी थोडी उंच करता आली तर हवी आहे.

काम घरी होते. दोन माणसे आणि एक पूर्ण दिवस धरा. बोल्ट गंजून धरले असतील तर दोन दिवस. गोव्यात ते धरलेलेच असतात असे समजून तयारी करावी. पण पाना उचलण्याआधी पाटा कुठे मोडला ते नीट पाहा, कारण नवा सेट किती टिकेल ते त्यावरून कळते.

पाटा मधल्या भोकापाशी मोडला असेल, तर दोष पाट्याचा नसून सैल यू-बोल्टचा आहे, म्हणजे पाटे मागच्या अ‍ॅक्सलच्या नळीला (हाउसिंगला) आवळून धरणाऱ्या यू आकाराच्या बोल्टांचा. सगळे पाटे मधोमध एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टचे भोक ही पाट्याची सगळ्यात कमजोर जागा. यू-बोल्ट घट्ट असले की दोन बोल्टांमधला तुकडा अजिबात वाकत नाही, वाकणे त्यांच्या बाहेर होते आणि भोकावर ताण येत नाही. यू-बोल्ट सैल झाले की वाकणे थेट भोकापर्यंत पोचते, आणि काही महिन्यांत तिथे चीर धरते. तुटलेले तोंड पुसून पाहा: काळपट, गंजलेला भाग म्हणजे जुनी चीर, आणि चकचकीत राखाडी भाग म्हणजे शेवटच्या दिवशी तुटलेला. काळा भाग निम्म्याहून जास्त असेल तर तो पाटा बरेच दिवस अर्धवट तुटलेला चालत होता. मोड जर मेन (सगळ्यात वरच्या, लांब) पाट्याच्या वळवलेल्या टोकाजवळ असेल, तर बुश (टोकाच्या भोकातली रबरी नळी) धरलेला आहे. मेन पाटा हँगरमध्ये (चासीवरच्या कानांमध्ये) फिरायला हवा, तो फिरेना म्हणून टोकाशी पिळवटला. आणि मोड खालच्या पाट्याचे टोक जिथे टेकते तिथे असेल, तर बोजा जास्त झाला आहे किंवा पाटे थकले आहेत.

एकच पाटा बदलणे मला पटत नाही. थकलेल्या पाट्यांच्या संगतीत पूर्ण कमान असलेला नवा पाटा बसवला की वजनाचा मोठा वाटा तोच उचलतो आणि पहिला तोच मोडतो. शिवाय उजवी बाजू नवी आणि डावी जुनी असली तर गाडी एका अंगावर राहते, ब्रेक मारताना ओढते. जुन्याच पाट्यांना ठोकून पुन्हा कमान देणारे कारागीर खाणपट्ट्यात आहेत. ट्रकच्या जाड पाट्यांवर ते काम काही काळ चालते. जीपच्या पातळ पाट्याला थंड ठोकून दिलेली कमान बोजा वाहिला की एका हंगामात उतरते. भट्टीत लाल करून, रीतसर पाणी न देता दिलेली तर त्याहून वाईट, कारण पोलादातला ताठरपणाच गेलेला असतो. मोडलेला पाटा वेल्डिंग करून जोडणे हा तर विषयच नको. वेल्डच्या शेजारी पोलाद ठिसूळ होते आणि पुढचा मोड तिथेच, भरल्या गाडीत, घाटात येतो.

खरेदीला जाताना जुना सेट मोजून जा. नुसते मॉडेलचे नाव सांगून भागत नाही, कारण इतक्या वर्षांत कुणी काय बसवले आहे ते कागदावर नसते. पाट्याची रुंदी (विलिसच्या घराण्यातल्या जुन्या जीपला पावणेदोन इंच म्हणजे सुमारे ४४.५ मिमी असते), पाट्यांची संख्या, प्रत्येकाची जाडी, वळवलेल्या टोकाच्या भोकाचा आतला व्यास, आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे सेंटर बोल्टपासून पुढच्या टोकाच्या मध्यापर्यंतचे व मागच्या टोकाच्या मध्यापर्यंतचे अंतर, दोन्ही वेगवेगळे. ही दोन अंतरे समान नसतील आणि सेट उलटा बसला तर सगळे हाउसिंग पुढे किंवा मागे सरकते. कमान मोजायची असेल तर पाटा काढल्यावर दोन टोकांमध्ये दोरी ताणून मध्यावर खोली घ्या. काही गाड्यांत डाव्या-उजव्या बाजूचे सेट वेगळे असतात, तेव्हा दोन्ही बाजू मोजा.

सेटसोबत हे लागेल: चार नवे यू-बोल्ट, त्यांचे आठ नट आणि जाड कडक वॉशर, दोन्ही बाजूंचे शॅकल (पाट्याचे मागचे टोक चासीला जोडणाऱ्या हलत्या पट्ट्या) व त्यांचे बोल्ट, पुढच्या हँगरचे दोन बोल्ट, सगळे बुश, आणि दोन सेंटर बोल्ट जास्तीचे. यू-बोल्ट जुने वापरू नका. एकदा पूर्ण ताणलेला यू-बोल्ट लांबलेला असतो, आणि त्याचे खाली आलेले आटे दगडांवर घासून चेपलेले असतात. या गाडीत पाटा हाउसिंगच्या खाली असतो, त्यामुळे यू-बोल्ट वरून येतो आणि नट सगळ्यात खाली, चिखलात आणि दगडांच्या तोंडी राहतात. मारुती जिप्सीचेही तसेच. नवे घेताना वाक तपासा: हाउसिंगच्या नळीवर तो सगळीकडून टेकला पाहिजे. चौकोनी वाकाचा यू-बोल्ट गोल नळीवर दोनच ठिकाणी टेकतो आणि कितीही आवळला तरी सैल होतो.

नव्या सेटला एक दिवस आधी द्या. पाटे सुटे करून गंज प्रायमर आणि त्यावर पातळ रंग लावा, वाळू द्या, मग जुळवा. आपल्याकडे पाट्यांमध्ये ग्रीस भरायची पद्धत आहे, ती मला गोव्यासाठी योग्य वाटत नाही. लाल माती ग्रीसमध्ये बसली की तिची पॉलिशपेपरसारखी लुकण होते आणि पाटे जिथे घासतात तिथे झिजवते. कोरडे ग्रॅफाइट चालते. सेटच्या बाजूच्या क्लिपा ठोकून घट्ट करू नका. पाटे खाली जाताना एकमेकांपासून सुटू नयेत एवढेच त्यांचे काम, आत पाटे सरकायला हवेतच.

कामाच्या दोन-तीन दिवस आधीपासून रोज संध्याकाळी सगळ्या नटांवर गंज सोडवणारे तेल मारा. एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल) आणि अ‍ॅसिटोन निम्मे-निम्मे मिसळून लावले तर चांगले आत शिरते, फक्त आग आणि रंगापासून दूर ठेवा. आधी वायर ब्रशने माती काढा, नाहीतर तेल मातीच पिते.

आता जागा. सारवलेले अंगण किंवा मुरमाची जमीन असेल तर जॅक आणि स्टँड खाली रुतणारच. प्रत्येकाखाली किमान एक फूट चौरस, १८ मिमी जाडीचा प्लाय किंवा जाड फळी घाला. एक गोष्ट कळकळीने सांगतो: गाडी चिऱ्यावर उभी करू नका. जांभ्या दगडाचा चिरा भिंतीत वजन घेतो, कारण तिथे ते सगळ्या पृष्ठावर पसरते. चासीची कड एका रेषेवर टेकली की तो एका क्षणात दुभंगतो. सिमेंटचे पोकळ ब्लॉकही तसेच. किमान तीन टनांचे दोन स्टँड विकत घ्या किंवा भाड्याने आणा, आणि काढलेली चाके चासीखाली आडवी सरकवून ठेवा.

मागची चाके उचलली की हँडब्रेकचा उपयोग संपतो, तो मागच्या ड्रमवर असो वा ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीवर). म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून लाकडी पाचर ठोका. पुढच्या हबला लॉक असतील तर ते लावा, ट्रान्सफर केस फोर-बाय-फोर लो मध्ये आणि गिअर पहिल्यात ठेवा.

उचलण्याआधी चार मापे लिहून ठेवा: दोन्ही बाजूंना हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची, आणि दोन्ही बाजूंना पुढच्या हबपासून मागच्या हबपर्यंतचे अंतर. फोटो काढा. नंतर गाडी तिरकी चालते आहे का, हे डोळ्यांनी कळत नाही, मापाने कळते.

मागच्या चाकांचे नट जमिनीवरच थोडे सैल करा. डिफखाली (हाउसिंगच्या मधल्या गोळ्याखाली) जॅक लावून गाडी उचला, मागच्या पाट्याच्या पुढच्या हँगरच्या जरा पुढे चासीखाली स्टँड लावा, आणि जॅक हळूहळू उतरवून चासीचे वजन स्टँडवर घ्या. जॅक डिफखालून काढू नका, हाउसिंग वरखाली करायला तो शेवटपर्यंत लागतो. एका बाजूचे टोक वेगळे उचलता यावे म्हणून दुसरा लहान बॉटल जॅक हाताशी ठेवा. चाके काढल्यावर शॉकचे खालचे टोक सोडवा. हाउसिंग लोंबकळू लागले की ब्रेकची रबरी नळी ताणते. तिच्यावर एकदाही हाउसिंगचे वजन येता कामा नये, आणि ब्रीदरची नळी व हँडब्रेकची केबल असल्यास तीही सैल करून घ्या.

एका वेळी एकच बाजू. दोन्ही सेट एकदम काढले तर हाउसिंग प्रोपेलर शाफ्टवर आणि ब्रेकच्या नळीवर लोंबते, गोल फिरते, आणि पुन्हा जागेवर आणायला दुपार जाते. दुसरी बाजू जोडलेली असली की ती हाउसिंगला धरून ठेवते.

यू-बोल्टचे नट सुटले तर ठीक, नाहीतर त्यांच्याशी झुंजू नका. ते टाकायचेच आहेत. चार इंची ग्राइंडरने नट उभा चिरा किंवा यू-बोल्टची दांडी कापा. त्याआधी डिझेलची टाकी आणि नळ्या कुठून जातात ते पाहा, त्या बाजूला ओले गोणपाट टाका, ब्रेकची नळी आणि चाकाचे सील झाका, पाण्याची बादली आणि आग विझवायचा सिलिंडर जवळ ठेवा. मेन पाटा ठेवायचा असेल तर त्यावर डिस्कचा ओरखडाही पडू देऊ नका, चीर तिथूनच सुरू होते. गॅस कटर पाट्याजवळ, बुशजवळ किंवा चासीजवळ नकोच.

यू-बोल्ट निघाले की खालची प्लेट पडते. मग हाउसिंग जॅकने एवढेच उचला की ते पाट्यावरून सुटेल. पाट्यावर ताण उरला नाही याची खूण म्हणजे शॅकलचा बोल्ट हाताने किंवा पान्याच्या हलक्या झटक्याने हलतो. आधी मागचा शॅकल काढा, मग पुढचा हँगर बोल्ट. पाट्याखाली कुणाचा पाय किंवा हात असू नये. पूर्ण सेटचे वजन सहज १५ ते २० किलो भरते.

सगळ्यात जास्त वेळ पुढचा बोल्ट खातो. नट सुटतो पण बोल्ट बाहेर येत नाही, कारण तो बुशच्या आतल्या लोखंडी नळीला गंजून चिकटलेला असतो. नट फिरतो आहे म्हणून दोन किलोच्या हातोड्याने बोल्टाचे टोक ठोकत राहिलात तर टोक फुलते आणि हँगरचे कान वाकतात. हँगर वाकवू नका, नवा बोल्ट सहज मिळतो. बुश आणि हँगरच्या कानामध्ये जी दोन-तीन मिमीची फट असते, तिच्यात हॅकसॉचे नुसते ब्लेड किंवा एक मिमीची पातळ डिस्क घालून बोल्ट दोन्ही बाजूंनी कापा. पाटा अलगद खाली येतो. जुना पाटा ठेवायचा असेल तर बुशचे रबर ड्रिलने भोके पाडून काढा. पेटवून काढू नका, त्याचा धूर विषारी असतो आणि टोकाचे पोलाद तापून मऊ पडते.

फार जुन्या जीपला यू आकाराचे, आट्यांचे शॅकल असतात, ग्रीस निपलसह. त्यांच्यातल्या काहींना उलटे आटे असतात. बुश फिरेना तेव्हा पान्याला पाइप लावण्याआधी दुसऱ्या दिशेने प्रयत्न करा. आता अशा शॅकलऐवजी रबर बुशचे शॅकल बसवण्याची सोय बऱ्याच दुकानांत होते, पण मग हँगरचे भोकही त्याला जुळले पाहिजे.

पाटा बाहेर आला की घाई करू नका, चासी पाहा. हँगरच्या रिबिटांभोवती गंजाच्या रेषा दिसतात का, कानाचे भोक लांबट झाले आहे का, चासीच्या आत हातोड्याने टकटक केल्यावर आवाज भरीव येतो की फसका. समुद्राकाठी फिरणाऱ्या गाडीला आणि पावसाळ्यात ओढे ओलांडणाऱ्या गाडीला चासी आतून खाल्लेली असते. भोक एक मिमीहून जास्त लांबट असेल तर नवा बोल्ट त्यात खेळत राहील आणि नवा बुश महिन्याभरात खराब होईल. तिथे चांगल्या वेल्डरकडून वॉशर प्लेट बसवून घ्यावी लागते. हाउसिंगवरची पाटा टेकायची सीट वायर ब्रशने स्वच्छ करा आणि मधल्या भोकात अडकलेली माती उकरून काढा. नव्या सेंटर बोल्टाचे डोके त्याच भोकात बसते, आणि ते पूर्ण बसले नाही तर यू-बोल्ट कधीच नीट आवळले जात नाहीत.

नवा सेट चढवताना सेंटर बोल्टाचे डोके वर, हाउसिंगकडे. पुढचे टोक हँगरमध्ये, बोल्ट घाला, नट हातानेच. मग मागचे टोक शॅकलमध्ये, तिथेही नट हातानेच. आता डिफखालचा जॅक हळूहळू उतरवा आणि हाउसिंग पाट्यावर येऊ द्या. सेंटर बोल्ट भोकासमोर येत नसेल, आणि तो सहसा पहिल्या खेपेला येत नाहीच, तर सामान बांधायचा रॅचेट पट्टा हाउसिंग आणि चासीच्या आडव्या कैचीमध्ये लावून हाउसिंग पुढे किंवा मागे ओढा. पहारीने रेटण्यापेक्षा पट्ट्याने दोन मिमीसुद्धा मोजून सरकवता येते. डोके भोकात बसल्याचे बोट घालून तपासा.

यू-बोल्ट टाका, प्लेट लावा, नट चार फेऱ्यांत तिरपे आवळा: आधी पुढचा डावा, मग मागचा उजवा, असे. दोन्ही दांड्यांचे आटे नटाबाहेर सारखेच दिसले पाहिजेत. एका बाजूला दहा मिमी आणि दुसरीकडे चार, असे दिसले तर सगळे सैल करून पुन्हा सुरुवात करा. अर्ध्या इंचाच्या किंवा १२ मिमीच्या यू-बोल्टला ७५ ते ८५ न्यूटन-मीटर पुरे, जिप्सीला ६० ते ८०. टॉर्क रेंच भाड्याने मिळत असेल तर या एका कामासाठी तरी आणा. पान्याला पाइप लावून जोराने आवळलेला यू-बोल्ट त्याच दिवशी ताणून लांबतो आणि मग लवकर सैल पडतो.

दुसरी बाजू तशीच. चाके लावा, शॉकचे बोल्ट हाताने लावा, गाडी जमिनीवर उतरवा. हँगर आणि शॅकलचे नट अजून सैलच आहेत, आणि ते मुद्दाम. मागच्या बंपरवर उभे राहून गाडी पाच-सहा वेळा दाबा, थोडी पुढे-मागे ढकला, मगच गाडीखाली जाऊन हँगर, शॅकल आणि शॉकचे नट आवळा. कारण असे: रबराचा बुश फिरत नाही, पिळतो. आतली नळी बोल्टाने जिथे धरली तिथे त्याची विश्रांतीची जागा ठरते. गाडी स्टँडवर, पाटे लोंबते असताना नट आवळले तर गाडी खाली आल्यावर प्रत्येक बुश कायमचा पिळलेला राहतो. गाडी आधी उंच आणि ताठ वाटते, मग काही महिन्यांत रबर फाटते आणि लोखंडावर लोखंड घासू लागते. नवे पाटे कडक लागतात, आवाज करतात, अशी तक्रार बहुतेकदा याच एका चुकीतून येते.

आता उंच करण्याबद्दल. नवा मूळ मापाचा सेट बसल्यावर बसलेली गाडी तशीही दोनेक इंच वर येईल, त्यामुळे आधी तो बसवून काही आठवडे चालवा. पहिल्या काही आठवड्यांत पाटे थोडे बसतात, मग उंची स्थिर होते. त्याहून वर न्यायची असेल तर लांब शॅकल हा सोपा दिसणारा आणि मला न आवडणारा मार्ग आहे. शॅकल दोन इंच लांब केला की गाडी एकच इंच उठते, पण पाट्याचे मागचे टोक खाली जाऊन डिफचे नाक वर वळते, प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही क्रॉसचे (टोकांच्या सांध्यांचे) कोन एकमेकांशी जुळत नाहीत, आणि ठराविक वेगाला गाडी थरथरते. ते सुधारायला सीट आणि पाट्यामध्ये उताराची शिम (पाचरीसारखी पट्टी) घालावी लागते. शिवाय बाजूच्या धक्क्याला लांब शॅकल जास्त डुलतो. जास्त कमानीचे पाटे घेणे बरे, पण तेव्हा ब्रेकची नळी, शॉकची लांबी आणि प्रोपेलर शाफ्टची सरकती जोडणी, तिन्ही पूर्ण लोंबत्या अवस्थेत पुरतात का ते आधी पाहा. पाटा हाउसिंगच्या वर नेणे हे सीट वेल्डिंगचे काम आहे, अंगणातले नव्हे. जुन्या मापाचे पाटे बदलणे ही दुरुस्ती. गाडीची रचना बदलणे मात्र मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली येते, आणि १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी नव्याने करताना आरटीओच्या तपासणीत ते पुढे येते.

गाडी बाहेर काढण्याआधी सुरुवातीची मापे पुन्हा घ्या. पुढच्या-मागच्या हबमधले अंतर दोन्ही बाजूंना पाच मिमीच्या आत सारखे हवे. त्याहून जास्त फरक असेल तर एका बाजूचा सेंटर बोल्ट भोकात बसलेला नाही. शॅकलचे खालचे टोक किंचित मागे झुकलेले असावे. ते सरळ उभे किंवा पुढे झुकलेले दिसले तर पाटा लांबीने चुकीचा आहे आणि खड्ड्यात शॅकल उलटा पडू शकतो. मागची बाजू उठल्याने हेडलाइटचा झोत खाली आला असेल, तोही जुळवून घ्या.

१०० किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा त्याच मापाने आवळा. रंग, गंजाची भुकटी आणि पाट्यांमधली जागा बसते, त्यामुळे नट हमखास थोडे फिरतात. मग ५०० किलोमीटरला, आणि त्यानंतर दर वर्षी दोनदा, पाऊस सुरू होण्याआधी मे महिन्यात आणि पाऊस उघडल्यावर ऑक्टोबरात. नटावर आणि प्लेटवर रंगाची एक सरळ रेघ मारून ठेवा. चिखलातून आल्यावर पाण्याच्या झोताने धुताना ती रेघ जुळते का एवढे पाहिले की पुरे. धुताना झोत पाट्यांच्या कडेने लांबीला मारा, म्हणजे आतली लाल माती निघते. दोन पाट्यांमध्ये ती राहिली की भर पावसात ओलावा धरते, गंज फुगतो आणि पाटे एकमेकांपासून उचलले जातात.

काढलेल्या सेटमधले चांगले मेन पाटे, एक जास्तीचा सेंटर बोल्ट आणि यू-बोल्टची एक जोडी गाडीत ठेवा. कुळ्याकडच्या किंवा चोर्ल्याच्या रस्त्यावर पाटा मोडला तर तेवढ्यावर घरी पोचता येते. बाकीचे पाटे लोहाराकडे द्या, कोयत्याला ते पोलाद उत्तम.